पडणाऱ्या वस्तूंवरून दादाशी वाद

दोन वर्षं माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं: न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडले की पाडले. दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीत सगळा जन्म काढलेला हा माणूस. लिफ्टमध्ये आयुष्यात दोनदा बसला असेल, तेही जीव मुठीत धरून. आणि तो मला सांगायचा की पोलाद किती तापलं म्हणजे नरम पडतं आणि एकशे दहा मजले खाली यायला किती सेकंद लागायला हवे होते. मी तालुक्याच्या हायस्कूलमध्ये पंचवीस वर्षं विज्ञान शिकवते. माझं डोकं फिरणार नाही तर काय.

ऐकणाऱ्यांना हा वाद गमतीचा वाटायचा. मला कधीच वाटला नाही. दादा आणि वहिनी राहत होते ती इमारत तडकली होती, आणि त्या मनोऱ्यांचा दाखला देऊन दादा मला पटवत होता की ती पडूच शकत नाही. मला त्या दोघांना तिथून बाहेर काढायचं होतं. नाहीतर अमेरिकेतल्या मनोऱ्यांशी माझं काय देणंघेणं होतं?

याची सुरुवात वादळापासून झाली. चक्रीवादळ आलं त्या दुपारी दादाची वाडी चार तासांत आडवी झाली. आजोबांनी लावलेले माड, वडिलांनी लावलेल्या पोफळी, सगळ्या एकाच दिशेला डोकी करून पडल्या होत्या. घराचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले. मी तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा दादा एका पडलेल्या पोफळीवर बसून होता आणि वहिनी चिखलातून भांडी गोळा करत होती.  दादाने मला एक पोफळ दाखवली, बुंध्यापासून पिळवटून मोडलेली, आणि म्हणाला, "वारा असा पिळतो काय गो, बाय?" मी म्हटलं, हो, पिळतो. शाळेत सांगावं तसं मी त्याला वाऱ्याच्या भोवऱ्याबद्दल सांगायलाही लागले. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

नवीन पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. साठीच्या माणसाने ती लावायची आणि वाट बघत बसायचं? मीच त्यांना तालुक्याच्या गावी आणलं. माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एका इमारतीत पहिल्या मजल्यावरची जागा मीच शोधून दिली. समोर पिठाची गिरणी, मागे बाजार, वहिनीला मासळी घ्यायला लांब जायला नको. मला वाटलं, मी फार शहाणपणाचं काम केलं.

वाडीतल्या माणसाला बंद खोलीत दिवसभर काय काम असतं? दादाला मी एक जुना फोन दिला होता, त्यावर तो आधी वादळाचे व्हिडिओ बघायचा. मग पूल पडल्याचे, दरडी कोसळल्याचे बघायला लागला. फोन असा आहे की तुम्ही एक पडणारी वस्तू बघितली की तो दुसरी आणून दाखवतो. महिन्याभरात दादा त्या दोन मनोऱ्यांपाशी पोचला आणि तिथेच मुक्काम ठोकला. हिंदीत कुणीतरी घसा फोडून सांगत असायचं की हे सगळं आतून सुरुंग लावून केलेलं आहे, आणि दादा चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाजवळ धरून, ते मनोरे थांबवत थांबवत खाली आणायचा. सेकंद मोजायचा. बोटांवर.

"बघ हां," तो म्हणायचा, "वरचे वीस मजले मोडले, मान्य. इमान आपटलं, आग लागली, मान्य. पन खालचे नव्वद मजले धडधाकट हायत ना? त्यांनी वर्षानुवर्षं वरचं वजन धरलंय ना? मग त्याच वजनाखाली ते एकाएकी कसे बसले? कुनीतरी बसवले."

मी सांगायची, "दादा, ठेवलेलं वजन वेगळं आणि पडणारं वजन वेगळं."

"वजन म्हंजे वजन. नारळ झाडावर असला काय नि जमिनीवर असला काय, तेवढाच भरतो."

"मग झाडावरचा नारळ डोक्यात पडू दे, बघू तेवढाच भरतो का."

यावर वहिनी आतून हसायची. वहिनी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दिवेआगरचीच, आमच्या वाडीला लागून असलेल्या वाडीतली. शाळा सातवीपर्यंत. पण आमचा वाद चालू झाला की ती हातातलं काम घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसायची आणि कान देऊन ऐकायची. मला वर्गात असं ऐकणारं फार थोड्या वेळा भेटलं आहे.

एकदा मी इरेला पेटले. वहिनीचा वजनकाटा घेतला, तो वर थाळी असलेला, ज्यावर ती कोकमं आणि सांडगे मोजून ओळखीच्या घरी द्यायची. त्यावर असोला, सालासकटचा नारळ ठेवला. काटा दीड किलोवर थांबला. मग तोच नारळ मी डोक्याइतक्या उंचीवरून काट्यावर सोडला. काटा गर्रकन फिरून टोकाला आपटला आणि तिथेच अडकला. थाळी वाकडी झाली. मी विजयी मुद्रेने दादाकडे पाहिलं.

दादाने काटा उलटसुलट करून बघितला. "मोडलास," तो म्हणाला. "वैनीचा काटा मोडलास. यात इमारतीचं काय सिद्ध झालं?"

त्या काट्याचा विषय वहिनीने नंतर कधी काढला नाही, नवीन काटाही घेतला नाही. तिथून पुढे ती कोकमं अंदाजाने मोजायला लागली.

त्याचा दुसरा मुद्दा आडव्या उडालेल्या तुकड्यांचा होता. मनोरे पडताना लोखंडाचे मोठे मोठे खांब लांबवर जाऊन पडले होते. दादा म्हणायचा, धरणी खाली ओढते, आडवं कोण ओढतं? म्हणजे स्फोटच. हा मुद्दा त्याला फार आवडायचा, कारण यात त्याला माझाच धडा माझ्या तोंडावर मारता यायचा. तेव्हा मी असोल्या सुपारीची गोणी मागितली. वाडीतली शेवटची सुपारी होती ती, दादाने विकली नव्हती. फरशीवर ढीग केला आणि खुर्चीवर उभी राहून वरून नारळ टाकला. सुपाऱ्या चहूकडे उडाल्या. कपाटाखाली, देवघरात, बाहेर जिन्यापर्यंत.

"सुरुंग दिसला कुठे?" मी विचारलं.

दादाने त्या दिवशी फोन उलटा घातला आणि खिडकीत जाऊन बसला. वहिनी मात्र खूश झाली. "खरंच की हो, आडव्या गेल्या," ती म्हणाली. "वन्सं, म्हंजे वरनं पडतं ते लांब उडतं." मी म्हटलं, बरोबर. दोन दिवस ती वाकून वाकून सुपाऱ्या शोधत होती आणि एक एक सापडली की मला फोन करून सांगायची, ही बघा, मोरीपर्यंत गेली होती. दोन वर्षांत मी जिंकलेला हा एकच मुद्दा. त्याचा मला किती आनंद झाला होता ते लिहायलाही हात धजत नाही.

इमारतीची गोष्ट अशी होती. ती बांधली तेव्हा तळमजला आणि वर तीन मजले होते. नंतर कुणीतरी वर चौथा चढवला, त्याच्यावर पाण्याची टाकी बसवली. समुद्राची खारी हवा सिमेंटमधून आत शिरते आणि लोखंड फुगवते. फुगलेलं लोखंड सिमेंट सोडवतं. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी मनावर घेत नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जिन्यात बोट जाईल एवढी भेग पडली. चौथ्या मजल्याच्या सज्ज्यातून गंजलेल्या सळया दिसायला लागल्या. रहिवाशांनी एक तपासणारा माणूस आणला, त्याने हातोडीने इथे तिथे ठोकून बघितलं आणि लेखी दिलं की इमारत रिकामी करा. दिवाळीच्या आत अर्धी बिऱ्हाडं गेली.

दादा गेला नाही.

ते लेखी मिळालं त्याच दिवशी मी माझ्या घरातली मागची खोली झाडून घेतली, दोन गाद्या उन्हात टाकल्या आणि त्यांना आणायला गेले. दादा खिडकीत बसला होता. त्याने मला एक कागद दाखवला. त्यावर पाच चौकोन एकावर एक काढले होते. सगळ्यात वरचा चौकोन त्याने पेन्सिलीने काळा केला होता.

"वरचा मजला कच्चा हाय, मान्य," तो म्हणाला. "पडेल. पन खालचे चार हायत. ते धरतील. आपन पहिल्यावर हाय. आपल्यापर्यंत येतच न्हाय."

तो कागद मी हातात घेतला. मग माझ्या ध्यानात आलं की हा माणूस त्या मनोऱ्यांबद्दल गप्पा मारत नव्हता. त्याचा त्यावर खरंच विश्वास होता. धडधाकट खालचं, मोडकं वरचं, आणि खालचं वरच्याला धरणारच. न धरलं तर ते कुणाचं तरी कारस्थान. त्या विश्वासावर तो माझ्या वहिनीला घेऊन तिथे बसून राहणार होता. 

त्यानंतर पंधरा दिवस मी रोज शाळा सुटली की त्याच्याकडे जायची. मी आकडे मांडले, चित्रं काढली, पुस्तकं नेली. मी समजावलं, रडले, हात जोडले. एकदा मी त्याच्या पायाशी बसले, तर तो ओशाळला आणि मला उठवून म्हणाला, "अगो, तुला येवढी कशाची भीती? तू तर शिकलेली." मी म्हटलं, शिकले म्हणूनच भीती वाटते. त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा तो कागद काढला. त्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं होतं, आणि ती भिंतही तडकलेली.

वरच्या एका कुटुंबाने सामान बांधायचं थांबवलं. दादाने त्यांना जिन्यात उभं राहून कागद समजावून सांगितला होता. हे कळलं तेव्हा माझा तोल गेला. मी दादाच्या दारात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले. "तुझी वाडी पडली ती पण कुणी सुरुंग लावून पाडली का रे? सांग ना, कुणी पाडली?"

त्याचा चेहरा मी बघितला. वर्गातल्या मुलाला चारचौघांत छडी मारावी तसा झाला होता. मला तेव्हा कळलं, आणि फार उशिरा कळलं, की दोन वर्षं तो हाच प्रश्न त्या फोनला विचारत होता. आजोबांची, वडिलांची, त्याची स्वतःची सगळी मेहनत एका दुपारी झोपली आणि त्याचा जाब विचारायला कुणीच नव्हतं. कुणीतरी केलेलं असतं तर त्याला त्या माणसाचा राग तरी करता आला असता. त्याने दार लावून घेतलं. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

नवव्या दिवशी वहिनी शाळेत आली. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिली होती. पहिल्यांदाच आली होती शाळेत. मी बाहेर गेले तर म्हणाली, "वन्सं, मला काढा तिथनं. काल मोरीत वरनं सिमेंट पडलं."

"दादा?"

"ते न्हाय येनार. पन मी निघाले की येतील मागनं. त्यांना चा करता येत न्हाय." ती थोडी हसली. "दोन दिस काढतील बिस्कुटांवर. तिसऱ्या दिवशी येतील बघा."

मला ते एकदम पटलं. पंधरा दिवस मी जे आकड्यांनी करू पाहत होते ते वहिनी एका वाक्यात करत होती. मी म्हटलं, उद्या शाळा सुटली की मी रिक्षा घेऊन येते. तुम्ही जिन्यात किंवा घरात थांबू नका. पिशवी घेऊन खाली या आणि गेटाशी उभ्या राहा. गेट इमारतीपासून लांब आहे, तिथे धोका नाही. हे मी तिला दोनदा सांगितलं. गेट भिंतीपासून आठ-नऊ पावलांवर होतं. मी ते अंतर डोळ्यांनी कितीदा मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. वाऱ्याचं नाव नव्हतं, ऑक्टोबरच्या शेवटाला असतं तसं चिकट ऊन होतं. चार वाजून गेले होते. रिक्षा बाजारातून वळली तेव्हा मला आवाज आला नाही. फक्त धूळ दिसली, पांढरी, गिरणीच्या छपरापर्यंत चढलेली. मला वाटलं गिरणीचं पीठ उडालं. खरंच वाटलं.

इमारत पडली नव्हती. चौथ्या मजल्याचा सज्जा आणि त्याच्यावरचा कठडा तेवढा सुटून खाली आला होता. बाकी सगळं जागच्या जागी होतं. दादा पहिल्या मजल्यावर होता, त्याच्या कपातला चहासुद्धा सांडला नव्हता. वहिनी जायच्या आधी करून ठेवून गेली होती. खालच्या मजल्यांना धक्का लागला नाही. दादाच्या कागदावर होतं अगदी तसंच झालं.

वहिनी भिंतीशी सापडली.

समोरचा गिरणीवाला सगळं बघत होता. त्याने मला नंतर सांगितलं, आणि मी त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. बाई गेटाशीच उभी होती. पिशवी पायाशी होती, रस्त्याकडे बघत होती. मग वरून कडाडलं. ते कडाडलं आणि लगेच खाली आलं नाही, चार-पाच क्षण लोंबकळत राहिलं. बाईने वर बघितलं. "मी वरडलो, रस्त्यावर या, हिकडं या," तो म्हणाला. "तर त्या उलट्या पळाल्या. आत. भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, हात असे खाली सोडून. काय म्हनून केलं त्यांनी, बाई? समोर मोकळा रस्ता होता."

मी त्याला म्हटलं, घाबरल्या असतील.

वाडीत वाढलेल्या माणसाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. माडावर कुणी चढलेलं असतं आणि वरून झावळी सुटते, तेव्हा कुणी मोकळ्यात पळत नाही. झावळी सरळ येत नाही. ती हेलकावत, गिरक्या घेत लांब जाते, आणि पळणाऱ्याच्या पाठीत बसते. म्हणून आमच्याकडे चालता यायला लागलं की पोराला आधी हे शिकवतात: वरून कडाडलं की खोडाला चिकटायचं, पाठ लावायची, हात खाली सोडायचे. मीही शिकले होते, दादाही. वहिनी साठ वर्षं हे करत आली होती. तिच्या पायांनी ते केलं.

पण तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. तिच्या डोक्यातही तेच होतं, आणि ते मी घातलं होतं. वरनं पडतं ते लांब उडतं. तिने विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, बरोबर. त्या दुपारी मला दादाला हरवायचं होतं. सुपाऱ्या आडव्या उडतात त्या नारळ त्यांच्यावर आपटल्यामुळे. नारळ स्वतः सरळच खाली येतो. मध्ये आपटायला काही नसेल तर सज्जाही सरळच येतो, भिंतीला लागून. हे पुढचं वाक्य मी सांगितलंच नाही. अर्धा धडा शिकवून मी टाळ्या घेतल्या. दादा म्हणत होता ते, धरणी खाली ओढते, तेवढं जरी तिने ऐकलं असतं तरी ती वाचली असती. तिने माझं ऐकलं. सगळ्या घरात माझं ऐकणारी ती एकटी होती.

मी हे कुणाला सांगितलेलं नाही. पोलीस आले, पंचनामा झाला, चौथा मजला कुणी चढवला त्याची चौकशी चालू आहे असं म्हणतात. मला त्यांनी विचारलं, बाई तिथे का उभ्या होत्या? मी म्हटलं, मीच बोलावलं होतं खाली. तेवढंच लिहून घेतलं.

दादा आता माझ्याकडे असतो, मागच्या खोलीत. गेटाशी वहिनीची पिशवी तशीच उभी होती, जराशी धूळ बसलेली, ती त्यानेच उचलून आणली आणि पलंगाखाली ठेवली. फोन तो हातात घेत नाही. मी एकदा मुद्दाम त्याच्यापुढे ठेवला, तर त्याने तो चार्जिंगला लावून दिला, मला वाटतं मला मदत म्हणून. सकाळी वाल भिजवतो, संध्याकाळी निथळून बांधून ठेवतो, मोड आले की सोलत बसतो. बिरडं खाणारे आम्ही दोघंच, तरी चार माणसांचं सोलतो. मी त्याच्याशी वाद काढायचा प्रयत्न करते. बातम्यांवरून, शेजाऱ्यांवरून, पाण्याच्या वेळेवरून. तो म्हणतो, असेल. त्याचं ते "असेल" ऐकलं की मला ओरडावंसं वाटतं.

परवा रविवारी सकाळी आम्ही दोघं वाल सोलत होतो. त्याने मान वर न करता विचारलं, "बाय, चौथ्या मजल्यावरनं खाली यायला किती लागतं?"

मला लगेच कळलं तो कशाबद्दल विचारतोय. मी म्हटलं, "दीड सेकंद. थोडं जास्त."

"तू मोजलंस?"

"हो."

त्याने मूठभर वाल सोलले. सालं एका बाजूला, डाळिंब्या एका बाजूला. मग म्हणाला, "तेवढ्यात तिला कळलं असेल काय गो?"

मी शिक्षिका आहे, मला खोटं नीट मांडता येतं. मी सांगितलं की आवाज कानात शिरतो, मग मेंदूला कळतं, मग मेंदू ठरवतो, याला वेळ लागतो. आपल्याला वाटतं लगेच कळतं, पण तसं नसतं. दीड सेकंदात माणसाला काही कळत नाही. ती रस्त्याकडे बघत होती, रिक्षाची वाट बघत होती, आणि संपलं. तिला काहीसुद्धा कळलं नाही. मी हे इतक्या ठामपणे सांगितलं की माझाच आवाज मला वर्गातला वाटला.

माझ्या सातवीतल्या कुठल्याही मुलीने हात वर केला असता. पिशवी गेटाशी होती आणि वहिनी भिंतीशी. मधे आठ-नऊ पावलं. ज्याला काही कळलेलं नसतं तो नऊ पावलं पळत नाही. ती पिशवी दादाने स्वतःच्या हाताने उचलली होती. मनोरे थांबवून थांबवून, बोटांवर सेकंद मोजणारा माणूस हा. माझं एक वाक्य त्याने कधी तपासल्याशिवाय सोडलं नव्हतं. मी वाट बघत बसले. त्याने मला धरावं, खोटं बोलतेस म्हणावं, मग ती भिंतीशी कशी गेली ते विचारावं, म्हणजे मला सांगता आलं असतं की तिला तिथे मी उभं केलं.

"बरं," तो म्हणाला, आणि पुढचा वाल सोलायला घेतला.